पाय राखावा की प्राण?

बेळगाव शहरात फौजेतून निवृत्त झालेल्या माणसांची वाण नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र येथेच असल्यामुळे आमच्या प्रत्येक आळीत एखादे हवालदारकाका किंवा सुभेदारमामा सापडतातच. अशाच एका हवालदारकाकांशी माझा अनेक वर्षांचा स्नेह आहे. १९७१ च्या डिसेंबर महिन्यातील युद्धात तोफगोळ्याचा एक तुकडा त्यांच्या डाव्या गुडघ्याच्या मागील बाजूस घुसला. रात्रीची वेळ, धड वाट नाही, वाहन नाही. शस्त्रक्रियेच्या मेजापर्यंत पोहोचण्यास त्यांना एक रात्र आणि एक दिवस लागला. नंतर ते शुद्धीवर आले, तेव्हा अर्ध्या मांडीखाली पाय नव्हता.

मध्यंतरी एका सायंकाळी त्यांनी मला अकस्मात विचारले, "मास्तर, तुम्ही पुस्तके वाचता. एक खरे सांगा. माझा पाय तेव्हा वाचला असता का? की डॉक्टरांनी घाई केली?"

पन्नासांहून अधिक वर्षे त्यांनी हा प्रश्न मनात बाळगला होता. मी शाळाशिक्षक, वैद्य नव्हे. त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. परंतु त्या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिले नाही, आणि मग या विषयासंबंधी जे वाचले व समजून घेतले, तेच आज आपल्यापुढे मांडीत आहे. युद्धात जखमी झालेल्या सैनिकाचा हात किंवा पाय शस्त्रवैद्य का कापतो, हा तो विषय होय.

युद्धात अवयव गमावणे ही गोष्ट युद्धाइतकीच जुनी आहे. आपल्या ऋग्वेदात विश्पलेचा उल्लेख येतो. संग्रामात तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला लोखंडी पाय दिला, असे तेथे म्हटले आहे. परंतु तुटलेला अवयव निराळा आणि वैद्याने जाणूनबुजून कापलेला अवयव निराळा. या दुसऱ्या प्रकाराला खरे महत्त्व आले, ते बंदुकीच्या दारूचा वापर सुरू झाल्यानंतर. तलवारीची जखम सरळ आणि स्वच्छ असते. ती शिवता येते. गोळी मात्र हाडाचे तुकडे करते आणि अंगावरील मळक्या कपड्याच्या चिंध्या व माती जखमेच्या तळापर्यंत नेऊन पोहोचविते. ही घाण आत राहिली, की मांस सडू लागते. त्यालाच आपण कोथ किंवा गँगरीन म्हणतो. हे सडणे वर वर सरकत धडापर्यंत पोहोचले, तर मनुष्य वाचत नाही. म्हणून ते सरकण्यापूर्वीच अवयव तोडावयाचा, हे या उपचाराचे मूळ तत्त्व आहे. घराच्या एका टोकाला आग लागली असता बाकीचे घर वाचविण्यासाठी मधले छप्पर उतरवून टाकतात, तसाच हा प्रकार समजावा.

परंतु अवयव तोडणे सोपे नव्हते. त्यात तीन मोठ्या अडचणी होत्या: रक्तस्राव, वेदना आणि शस्त्रक्रियेनंतरचा जंतुसंसर्ग. या तीन शत्रूंवर माणसाने एकामागून एक कसा विजय मिळविला, हाच या विद्येचा इतिहास होय.

पहिला शत्रू रक्तस्राव. मांडीतील मुख्य रोहिणी तुटली, तर काही मिनिटांतच माणूस रक्तहीन होऊन मरतो. हे रक्त थांबविण्यासाठी सोळाव्या शतकापर्यंत युरोपातील शस्त्रवैद्य कापलेल्या जागी लालभडक तापलेल्या लोखंडाचा डाग देत असत. बंदुकीच्या जखमा विषारी असतात, अशीही त्या काळी समजूत होती. म्हणून अशा जखमांत उकळते तेल ओतीत. आंब्र्वाझ पारे हा फ्रान्सच्या सैन्यातील एक तरुण शस्त्रवैद्य. १५३७ च्या सुमारास ट्यूरिनच्या मोहिमेत त्याच्याजवळचे तेल संपले. निरुपाय म्हणून त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचे तेल आणि टर्पेंटाइन यांचे मलम उरलेल्या जखमींना लावले. त्या रात्री त्याला झोप आली नाही. तेल न मिळालेले सैनिक विषाने मेले असतील, या भीतीने तो पहाटेच उठून त्यांच्याकडे गेला. पाहतो तो मलम लावलेले सैनिक शांत झोपलेले, आणि उकळत्या तेलाने भाजलेले तापाने व वेदनेने तळमळत होते. त्या दिवसापासून त्याने तेल सोडले. पुढे १५५२ मध्ये एका वेढ्याच्या वेळी पाय कापताना त्याने डाग न देता रक्तवाहिन्यांची टोके दोऱ्याने बांधली. शस्त्रक्रियेच्या इतिहासातील ही फार मोठी घटना होय.

तरीही ही पद्धत रुळण्यास दीड-दोनशे वर्षे लागली. एकेक रक्तवाहिनी शोधून बांधावयाची, तर तेवढा वेळ रक्त कोणी थांबवावे? ही अडचण फ्रेंच शस्त्रवैद्य झां लुई पती याने १७१८ मध्ये दूर केली. त्याने मळसूत्राने आवळता येणारा एक पट्टा तयार केला. जखमेच्या वरच्या भागास तो बांधून मळसूत्र फिरविले, की खालचे रक्त बंद होई. आता शस्त्रवैद्याला काम करण्यास थोडा अवधी मिळू लागला.

यानंतर प्रश्न उभा राहिला तो वेळेचा. अवयव केव्हा कापावा? जखम होताच, की काही दिवस वाट पाहून? या वादात नेपोलियनच्या सैन्याचा शस्त्रवैद्य दोमिनिक झां लारे याचे मत निर्णायक ठरले. त्याचे म्हणणे असे, की ज्या अवयवाची आशा नाही, तो पहिल्या २४ तासांतच कापावा. त्या वेळी जखम अजून सडू लागलेली नसते, ताप चढलेला नसतो आणि सैनिकाच्या अंगात बळ शिल्लक असते. परंतु २४ तासांत कापावयाचे, तर जखमी माणूस २४ तासांत शस्त्रवैद्यापाशी आला पाहिजे. त्या काळी लढाई संपेपर्यंत जखमी रणांगणावरच पडून राहत. म्हणून लारेने वेगाने धावणाऱ्या हलक्या घोडागाड्यांची रुग्णवाहक पथके उभारली. आज रस्त्यावरून भोंगा वाजवीत जाणारी रुग्णवाहिका आपण पाहतो, तिची ही आजी होय. कोणाला आधी तपासावे, याचाही त्याने नियम घातला. हुद्दा पाहावयाचा नाही. मित्र की शत्रू, हेही पाहावयाचे नाही. ज्याची जखम अधिक गंभीर, त्याचा क्रम पहिला. १८१२ मध्ये रशियातील बोरोदिनोच्या लढाईत त्याने २४ तासांत सुमारे २०० अवयवच्छेदने केली. हा आकडा ऐकून अंगावर काटा येतो. परंतु त्याच लारेवर सैनिकांचे एवढे प्रेम होते, की माघारीच्या वेळी बेरेझिना नदीच्या पुलावर चेंगराचेंगरी चालू असता त्यांनी त्याला हातोहात उचलून पलीकडे पोहोचविले. ज्याने शेकडो सैनिकांचे हातपाय कापले, त्यालाच वाचविण्यासाठी सैनिकांनी जिवाचे रान केले. आपले प्राण कोणी राखले, हे त्यांना पुरते ठाऊक होते.

दुसरा शत्रू वेदना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भूल हा प्रकारच नव्हता. त्यामुळे शस्त्रवैद्याची थोरवी त्याच्या वेगावर मोजली जाई. १८४६ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरचा प्रयोग लोकांसमोर यशस्वी झाला, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात लंडनमध्ये रॉबर्ट लिस्टन याने ईथर देऊन एका रुग्णाचा पाय कापला. पुढच्याच वर्षी पिरोगोव्ह या रशियन शस्त्रवैद्याने कॉकेशसमधील रणभूमीवर ईथरचा उपयोग केला. लवकरच क्लोरोफॉर्मही आला. सैनिकाचा आक्रोश थांबला, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु तिसरा शत्रू अद्याप जागच्या जागी होता, आणि तो डोळ्यांना दिसतही नव्हता. याचा भयंकर अनुभव १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धात आला. त्या युद्धात मिनिए नावाची मऊ शिशाची जड गोळी वापरीत. ती हाडावर आपटून चपटी होई आणि हाडाचा चुरा करी. अशा अवयवाला कापण्यावाचून गत्यंतर नसे. त्या युद्धात सुमारे ६०,००० अवयवच्छेदने झाली असावीत, असा अंदाज आहे. उत्तरेकडील सैन्याच्या नोंदींवरून असे दिसते, की बोट कापलेल्यांपैकी शेकडा सुमारे ३ मरत, मांडी कापलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक, आणि खुब्याच्या सांध्यातून पाय काढलेल्यांपैकी शेकडा ८३. छेद धडाच्या जितका जवळ, तितका धोका अधिक. लारेचे मतही येथे खरे ठरले: लवकर केलेल्या छेदनांत मृत्यू कमी आणि उशिरा केलेल्यांत अधिक, असे आढळून आले. तरीही हे शस्त्रवैद्य एका रुग्णाच्या रक्ताने भरलेली करवत केवळ पुसून दुसऱ्यावर चालवीत असत. त्यात त्यांचा दुष्टावा नव्हता. जंतूंचे ज्ञानच तेव्हा कोणास नव्हते.

ते ज्ञान दिले फ्रान्सच्या पाश्चरने, आणि शस्त्रक्रियेत आणले जोसेफ लिस्टरने. हा लिस्टर म्हणजे ज्याचा वर उल्लेख आला तो लिस्टन नव्हे, हे ध्यानात ठेवावे. ग्लासगोच्या रुग्णालयात लिस्टरने जखमा, हत्यारे आणि हात कार्बोलिक आम्लाने धुण्याची पद्धत घातली, व १८६७ मध्ये ती प्रसिद्ध केली. तिच्यापूर्वीच्या काळात त्याच्या ३५ अवयवच्छेदनांपैकी १६ रुग्ण दगावले होते. नंतरच्या ४० पैकी केवळ ६ दगावले. तोच शस्त्रवैद्य आणि तीच शस्त्रक्रिया. फरक एवढाच, की आता जंतूंना मज्जाव झाला होता.

यानंतर खऱ्या अर्थाने एक नवा प्रश्न विचारता येऊ लागला. तोपर्यंत प्रश्न असे, की अवयव कापल्यावर माणूस वाचेल काय? आता प्रश्न आला, की न कापताही माणूस वाचेल काय?

पहिल्या महायुद्धात, म्हणजे १९१४ ते १९१८ या काळात, या प्रश्नाची कठोर परीक्षा झाली. फ्रान्स आणि बेल्जियममधील ती शेते शतकानुशतके खत घातलेली होती. त्या मातीतील जंतू जखमेत शिरून वायुकोथ उत्पन्न करीत. या रोगात मांसामध्ये वायू भरतो, आणि तो काही तासांत पसरतो. हे जंतू हवा न मिळणाऱ्या मृत मांसात वाढतात. म्हणून जखमेतील सगळे मेलेले मांस कापून काढावयाचे, जखम लगेच न शिवता उघडी ठेवावयाची आणि ती स्वच्छ आहे अशी खात्री झाल्यावरच शिवावयाची, ही पद्धत बेल्जियमचा आंत्वान दपाज आणि त्याचे सहकारी यांनी रूढ केली. मांडीच्या मोडलेल्या हाडाला ताण देऊन स्थिर ठेवणारी टॉमस नावाच्या वैद्याची खपाटी याच युद्धात सर्वत्र वापरात आली. ती येण्यापूर्वी मांडीचे हाड गोळीने मोडलेल्या दहा सैनिकांपैकी आठ दगावत, आणि युद्धाच्या अखेरीस हे प्रमाण दहांत दोनवर आले, असे त्या वेळच्या शस्त्रवैद्यांनी नमूद केले आहे. तरीसुद्धा त्या युद्धात एकट्या ब्रिटनच्या सुमारे ४१,००० सैनिकांना हात किंवा पाय गमवावा लागला.

आता आमच्या हवालदारकाकांच्या जखमेकडे येऊ. त्यांच्या गुडघ्यामागे तुकडा घुसला होता. तेथूनच पायाची मुख्य रोहिणी खाली उतरते. ती तुटली, की गुडघ्याखालचे रक्त जवळजवळ बंद होते. दुसऱ्या महायुद्धात अशा तुटलेल्या रोहिणीची टोके बांधून टाकण्याची रीत होती. त्याने रक्तस्राव थांबे, पण पाय उपाशी राही. मायकेल डिबेकी आणि त्यांचे सहकारी सिमिओन यांनी १९४६ मध्ये अमेरिकन सैन्यातील २,४७१ रोहिणीजखमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रोहिणी बांधलेल्या सैनिकांपैकी जवळजवळ निम्म्यांचा अवयव पुढे कापावा लागला होता. गुडघ्यामागील रोहिणीच्या बाबतीत तर हे प्रमाण शेकडा ७० हून अधिक होते. पुढे १९५० ते १९५३ या काळातील कोरियाच्या युद्धात शस्त्रवैद्यांनी रोहिणी बांधण्याऐवजी शिवण्यास, किंवा दुसरीकडील नीलेचा तुकडा जोडून सांधण्यास प्रारंभ केला. तेव्हा अवयव गमावण्याचे प्रमाण शेकडा १३ च्या आसपास उतरले.

म्हणजे १९७१ मध्ये ही विद्या जगाला अवगत होती. मग काकांचा पाय का वाचला नाही? याचे उत्तर घड्याळात आहे. रक्त न मिळालेला स्नायू सुमारे सहा तास तग धरतो. त्यानंतर तो मरू लागतो. मेलेल्या स्नायूत पुन्हा रक्त सोडले, तर त्यातील विषारी द्रव्ये सबंध शरीरात पसरतात. मूत्रपिंडे निकामी होतात आणि हृदय बंद पडण्याचाही संभव असतो. म्हणून सहा-आठ तासांच्या आत आलेल्या पायाची रोहिणी सांधणे हा जसा उपचार आहे, तसा एक रात्र आणि एक दिवस रक्तावाचून राहिलेला पाय कापणे हाही उपचारच आहे. कोरियात आणि नंतर व्हिएतनाममध्ये जे अनेक पाय वाचले, त्यांत शिवणाऱ्या हातांइतकेच श्रेय हेलिकॉप्टरचे आहे. लारेने दोनशे वर्षांपूर्वी घोडागाड्या जोडल्या, त्यांमागील विचार हाच होता.

अवयव कापल्याने उपचार संपत नाही, हेही सांगितले पाहिजे. चांगला शस्त्रवैद्य कापतानाच पुढच्या पायाचा विचार करतो. हाडाचे टोक घासून गोल करावयाचे, त्यावर स्नायूंची गादी आणावयाची, मज्जातंतू खाली ओढून कापावयाचे, म्हणजे खुंटावर भार घेताना ते दुखत नाहीत. शक्य असेल, तर गुडघा राखावयाचा. कारण गुडघा असलेल्या माणसाला कृत्रिम पायाने चालण्यास पुष्कळ कमी श्रम पडतात.

दुसरी एक चमत्कारिक गोष्ट आहे. काका कधी कधी म्हणतात, "मास्तर, आज डाव्या पायाच्या अंगठ्याला खाज सुटली आहे." घरची मंडळी हसतात. यात हसण्यासारखे काही नाही आणि वेडाचीही गोष्ट नाही. पारेनेही अशा रुग्णांचे वर्णन करून ठेवले आहे, आणि अमेरिकन यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल या वैद्याने या अनुभवाला 'भासमान अवयव' अशा अर्थाचे नाव दिले. पाय जातो, पण मेंदूत त्या पायासाठी असलेली जागा जात नाही. ती जागा आपले काम करीत राहते. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० नंतरच्या दशकात साध्या आरशाच्या साहाय्याने मेंदूला शाबूत अवयवाचे प्रतिबिंब दाखवून काही रुग्णांच्या अशा वेदना कमी करता येतात, असे दाखवून दिले.

आणि मग येतो कृत्रिम अवयव. अमेरिकन यादवी युद्धाच्या आरंभीच पाय गमावलेल्या जेम्स हँगर या तरुणाने पिंपाच्या फळ्यांपासून स्वतःसाठी पाय घडविला, आणि पुढे इतरांसाठी पाय बनविण्याचा कारखानाच काढला. आपल्याकडे १९१७ साली अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी क्वीन मेरी संस्था मुंबईत निघाली. ती पुढे खडकीस गेली. सैनिकांसाठी पुण्यातील कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये स्थापन झाले. परंतु विलायती धर्तीचा पाय बुटात घालावयाचा असे. आपला शेतकरी तर चिखलात अनवाणी चालतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो. ही गरज ओळखून १९६८ च्या सुमारास जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा लवचीक व स्वस्त पाय तयार केला. तोच 'जयपूर फूट' होय. एका शल्यविशारदाने आणि बेताच्या शाळेपर्यंत शिकलेल्या एका कारागिराने मिळून केलेले हे काम पुढे अफगाणिस्तानातील सुरुंगपीडितांपर्यंत पोहोचले.

पाय गेला म्हणजे कर्तृत्व संपले, असेही नाही. मूळचे मुंबईचे इयन कार्डोझो हे १९७१ च्या युद्धात गोरखा पलटणीत मेजर होते. सिल्हेटच्या भागात सुरुंगाने त्यांचा पाय छिन्नविच्छिन्न झाला. वेदनाशामक औषध मिळेना, तेव्हा त्यांनी आपल्या खुकरीने तो पाय स्वतः तोडला. नंतर त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली, ती युद्धकैदी असलेल्या एका पाकिस्तानी शस्त्रवैद्याने. लारेचा नियम तेथेही पाळला गेला. पुढे कृत्रिम पायाने चालूनच कार्डोझो यांनी पायदळाच्या पलटणीचे आणि ब्रिगेडचे नेतृत्व केले, आणि मेजर जनरल म्हणून ते निवृत्त झाले.

श्रोतेहो, रणांगणावर शिकलेला हा धडा आपल्या रस्त्यांवरही उपयोगी आहे. अपघातात कोणाच्या हातापायातून रक्ताची धार लागली, तर स्वच्छ कापडाची घडी जखमेवर ठेवून जोराने दाबून धरा. त्यानेही रक्त थांबले नाही आणि जीव जाण्याची भीती असेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळा. दोरी किंवा तार वापरू नका. पट्टी बांधल्याची वेळ लिहून ठेवा, ती मध्येच सैल करू नका, आणि रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्या. दोन तासांपर्यंत अशी पट्टी सहसा अपाय करीत नाही. त्यापुढे मात्र प्रत्येक मिनिटाची किंमत मोजावी लागते.

हे सारे वाचून झाल्यावर मी हवालदारकाकांकडे गेलो. त्यांना म्हटले, "काका, तुमची जखम ज्या जागी होती, ती पायाला फार वाईट जागा. सहा तासांत पोहोचला असतात, तर पाय कदाचित वाचला असता. तुम्ही पोहोचलात, तेव्हा तो मेलेला होता. तो तसाच ठेवला असता, तर तुम्ही वाचला नसता."

काका पुष्कळ वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे डॉक्टरांनी घाई केली नाही."

"नाही, काका. घाई व्हायला हवी होती, ती वाटेत."

त्यांनी मान हलविली. "वाटेत माझ्या दोन सोबत्यांनी मला आळीपाळीने पाठीवर घेतले होते," ते म्हणाले. "त्यांच्याकडून त्याहून जास्त घाई झाली नसती." मग काठी टेकून ते उठले आणि नित्याप्रमाणे संध्याकाळच्या फेरीला निघाले.